जॉन पील : स्वतःच्या आवडीवर विश्वास ठेवून ब्रिटनचं संगीत बदलणारा रेडिओवाला

सप्टेंबर १९७८. बीबीसीच्या रेडिओ १ वर रात्रीचा कार्यक्रम सुरू होता. निवेदकाने उत्तर आयर्लंडमधल्या डेरी या गावातल्या पाच पोरांचं एक गाणं लावलं. जेमतेम अडीच मिनिटांचं. गाणं संपलं, आणि निवेदकाने तेच गाणं लगेच पुन्हा लावलं.

रेडिओवर असं कोणी करत नाही. एक गाणं झालं की दुसरं, हा साधा नियम. पण या माणसाला ते इतकं आवडलं होतं की त्याच्याच्याने राहवलं नाही. गाण्याचं नाव 'टीनेज किक्स', बँडचं नाव अंडरटोन्स. बेलफास्टमधल्या गुड व्हायब्रेशन्स या छोट्याशा कंपनीने ते काढलं होतं आणि लंडनच्या बड्या कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. सायर रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीचे सीमोर स्टीन तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी हे गाणं याच कार्यक्रमात ऐकलं आणि थोड्याच दिवसांत अंडरटोन्सच्या हातात करार पडला.

त्या निवेदकाचं नाव जॉन पील. त्याला गाता येत नव्हतं, एखादं वाद्य धड वाजवता येत नव्हतं आणि संगीताचं शिक्षणही नव्हतं. तो फक्त एक चाहता होता. पण १९६७ ते २००४ अशी ३७ वर्षं या चाहत्याच्या आवडीनिवडीवर ब्रिटनमधल्या असंख्य बँड्सचं नशीब ठरत गेलं.

कापूस व्यापाऱ्याचा मुलगा

पीलचं खरं नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गावात. तो जन्मला आणि चारच दिवसांत ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरलं. वडील कापसाचे व्यापारी. ते युद्धावर गेले आणि वडील म्हणजे कोण हे कळायला पोराला सहा वर्षं थांबावं लागलं. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण माया बेताची. पुढे बोर्डिंग शाळेत रवानगी झाली. श्रुसबरीच्या त्या नामांकित शाळेत त्याला मोठ्या मुलांकडून लैंगिक अत्याचार सोसावे लागले, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

या एकट्या पडलेल्या मुलाला आधार मिळाला तो रेडिओचा आणि तबकड्यांचा. १९५६ मध्ये त्याने रेडिओवर एल्विस प्रेस्लीचं 'हार्टब्रेक हॉटेल' पहिल्यांदा ऐकलं आणि आपलं आयुष्य तिथेच बदललं, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला.

शाळा संपल्यावर सक्तीची लष्करी सेवा आली. तोफखान्यात रडार चालवण्याचं काम करून तो १९५९ मध्ये सुटला. पोराचं काय करायचं, हा प्रश्न वडिलांनी त्या काळच्या व्यापाऱ्यासारखाच सोडवला. ओळखीच्या कापूसवाल्यांकडे कामाला म्हणून १९६० मध्ये त्याला थेट अमेरिकेत, टेक्ससला धाडून दिलं.

बीटल्सच्या गावचा माणूस

टेक्ससमध्ये कापसाच्या धंद्यात त्याचं मन रमलं नाही. पुढे तो डॅलसमध्ये विमा कंपनीत लागला. पिकाचं गारपिटीने नुकसान झालं तर मिळणारा विमा विकायचा, हे काम. जोडीला डब्ल्यूआरआर या स्थानिक रेडिओ स्टेशनवर फुकटात थोडं निवेदन.

नोव्हेंबर १९६३ मध्ये डॅलसलाच राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. तेव्हा या पठ्ठ्याने आपण 'लिव्हरपूल एको' या वर्तमानपत्राचे बातमीदार आहोत अशी थाप मारली आणि पोलीस मुख्यालयात शिरून आरोपी ली हार्वी ऑस्वाल्डला पत्रकारांसमोर आणलं त्या वेळी हजर राहिला. त्या रात्रीच्या चित्रफितीत गर्दीत उभा असलेला हा लिव्हरपूलकर आजही दिसतो.

त्याचं खरं नशीब उघडलं ते १९६४ मध्ये. बीटल्स अमेरिकेत पोचले आणि सगळा देश त्यांच्या मागे वेडा झाला. लिव्हरपूलच्या बाजूचा उच्चार असलेला कोणीही माणूस एकदम मोलाचा ठरला. डॅलसच्या केएलआयएफ या स्टेशनने त्याला बीटल्सविषयीचा जाणकार म्हणून माईकसमोर बसवलं. बीटल्सशी त्याचा संबंध काय, तर गाव जवळचं, एवढाच. तिथून ओक्लाहोमा सिटी, मग कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो, असा त्याचा रेडिओवरचा प्रवास सुरू झाला.

समुद्रातलं रेडिओ स्टेशन

१९६७ च्या सुरुवातीला तो इंग्लंडला परतला. तेव्हा ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी, आणि बीबीसीवर तरुणांचं संगीत नावापुरतं. ही गरज भागवत होती 'पायरेट' स्टेशन्स. देशाच्या सागरी हद्दीबाहेर जहाज नांगरायचं, त्यावर मनोरा उभारायचा आणि तिथून किनाऱ्याकडे गाणी सोडायची. जहाज हद्दीबाहेर असल्यामुळे ब्रिटनचा परवाना नसला तरी चालायचं.

अशाच एका जहाजावरच्या रेडिओ लंडन या स्टेशनवर त्याला काम मिळालं. रेव्हन्सक्रॉफ्ट हे आडनाव रेडिओला फार लांबलचक वाटलं आणि कचेरीतल्या एका सेक्रेटरीने 'पील' हे नाव सुचवलं. तेच कायमचं चिकटलं.

त्याला वेळ मिळाली मध्यरात्रीनंतरची. त्या वेळी जहाजावरचं काय ऐकायला कचेरीतलं कोणी जागं नसे. पीलने याचा पुरेपूर फायदा घेतला. ठरलेली हिट गाणी, जाहिराती बाजूला सारल्या आणि 'द परफ्यूम्ड गार्डन' या नावाने आपल्याला जे आवडेल ते लावायला सुरुवात केली. पिंक फ्लॉइड, जिमी हेंड्रिक्स, कॅप्टन बीफहार्ट, मार्क बोलन. श्रोत्यांची पत्रं ढिगाने येऊ लागली.

हे सुख काही महिनेच टिकलं. ऑगस्ट १९६७ मध्ये सरकारने कायदा करून या स्टेशनांचा गळा आवळला. मात्र त्यांचे श्रोते डोळ्यांपुढे ठेवूनच ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीने रेडिओ १ सुरू केलं आणि निवेदकही त्याच जहाजांवरून उचलले. पील 'टॉप गिअर' या कार्यक्रमात दाखल झाला. बीबीसीत तो फार दिवस टिकेल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं. प्रत्यक्षात पहिल्या तुकडीतला शेवटपर्यंत टिकलेला तो एकटाच ठरला.

पील सेशन म्हणजे नेमकं काय?

पीलचं नाव आज सर्वात जास्त घेतलं जातं ते 'पील सेशन्स'मुळे. या प्रकाराचा जन्म मात्र एका अडचणीतून झाला होता.

त्या काळी बीबीसीला तबकड्या वाटेल तितका वेळ वाजवता येत नसत. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याबरोबरच्या करारानुसार दिवसाला ठरावीक तासच विकतच्या तबकड्या लावायची मुभा होती. रेडिओवर सगळं तबकड्यांनीच भागलं तर वादकांनी खायचं काय, हा त्यामागचा विचार. मग उरलेला वेळ भरायचा कसा? तर कलाकारांना स्टुडिओत बोलावून नव्याने वाजवून घ्यायचं.

बाकीच्यांना हे बंधन वाटायचं. पील आणि त्याच्या निर्मात्यांनी त्यातून संधी शोधली. आधी बर्नी अँड्र्यूज आणि १९६९ पासून जॉन वॉल्टर्स हे ते निर्माते. पद्धत साधी होती. बँडने दुपारी लंडनमधल्या मेडा व्हेल स्टुडिओत यायचं. ही इमारत मुळात स्केटिंगसाठी बांधलेली. सामान लावायचं, साधारण चार गाणी वाजवायची आणि त्याच रात्री ध्वनिमुद्रण पूर्ण करून बाहेर पडायचं. वेळ कमी, त्यामुळे घासूनपुसून गुळगुळीत करायला वाव नाही. बँड जसा आहे तसाच टेपवर उतरायचा.

मुख्य म्हणजे यासाठी हातात रेकॉर्डचा करार असायची गरज नव्हती. पीलला किंवा वॉल्टर्सला तुमचं काम आवडलं, एवढं पुरे. रॉक्सी म्युझिकला कोणत्याही कंपनीने घेतलेलं नसताना १९७२ मध्ये त्यांचं सेशन प्रसारित झालं. शेफिल्डच्या जार्व्हिस कॉकरने वयाच्या अठराव्या वर्षी पीलच्या हातात एक कॅसेट कोंबली आणि १९८१ मध्ये त्याच्या पल्प या बँडला बोलावणं आलं. पल्पला खरं यश त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी मिळालं. निर्वाणा हे नाव जगाला 'नेव्हरमाइंड'मुळे १९९१ मध्ये कळलं, पण पीलकडे त्यांचं पहिलं सेशन १९८९ मध्येच झालं होतं.

सगळेच कृतज्ञ होते असंही नाही. द क्लॅश हा पंक बँड सेशनला आला आणि तिथली यंत्रसामग्री आपल्या लायकीची नाही म्हणून काम अर्धवट टाकून निघून गेला. पीलला ते चांगलंच झोंबलं. एकूण हिशोब मात्र थक्क करणारा आहे : २,००० हून अधिक कलाकार आणि ४,००० हून अधिक सेशन्स.

आवड जुळते आणि तुटतेही

पीलची मतं ठाम असायची. कॅप्टन बीफहार्टचा १९६९ चा 'ट्राउट मास्क रेप्लिका' हा अल्बम बहुतेकांना निव्वळ गोंगाट वाटतो. पीलच्या लेखी मात्र लोकप्रिय संगीतात खरी कलाकृती म्हणावी असं काही असेल तर ते हेच. याउलट इमर्सन, लेक अँड पामर हा प्रचंड यशस्वी बँड त्याला कौशल्याचा आणि विजेचा अपव्यय वाटायचा, आणि ते तो उघड बोलायचा.

दुसरीकडे १९७३ मध्ये माइक ओल्डफील्ड या कोवळ्या पोराचा 'ट्युब्युलर बेल्स' आला. त्यात धड गाणी नाहीत, नुसतं लांबच लांब वादन. पीलने तो कार्यक्रमात संपूर्ण वाजवला. व्हर्जिन या नव्या कंपनीची ती पहिलीच रेकॉर्ड, आणि पुढे ती लाखांनी खपली.

पण आवडीची किंमतही मोजावी लागते. याचं सर्वात बोचरं उदाहरण म्हणजे मार्क बोलन. 'टिरॅनोसॉरस रेक्स' या त्याच्या जोडीला कोणी विचारत नव्हतं तेव्हा पीलने तिला उचलून धरलं. तो कार्यक्रमांना जाताना त्यांना बरोबर न्यायचा. त्यांच्या १९६८ च्या पहिल्या अल्बमवर एक गोष्टही त्याने आपल्या आवाजात वाचली आहे. दोघं जिवलग मित्र. पुढे बोलनने नाव छोटं करून 'टी. रेक्स' केलं, हातात इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि तो देशाचा लाडका तारा झाला. १९७१ मध्ये त्याचं 'गेट इट ऑन' पहिल्या क्रमांकावर पोचलं. पीलला ते गाणं आवडलं नाही, आणि त्याने ते लपवलंही नाही.

मैत्री तिथेच संपली. १९७७ मध्ये वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी बोलन मोटार अपघातात गेला. तोवर दोघांचं पूर्वीसारखं जुळलं नव्हतं.

मित्राचं गाणं आवडलं नाही तर गप्प बसावं, की बोलावं? बहुतेक माणसं गप्प बसतील. पण न आवडलेलं गाणं मित्राचं म्हणून आवडल्याचं दाखवलं, तर उद्या एखादं गाणं खरोखर आवडल्याचं सांगितल्यावर श्रोत्यांनी विश्वास का ठेवावा? पीलची सगळी पत या एकाच गोष्टीवर उभी होती.

एका रात्रीत श्रोते नाराज

१९७६ पर्यंत पील ३६ वर्षांचा झाला होता. त्याचे श्रोतेही त्याच्याबरोबर मोठे झाले होते. त्यांना लांबलचक गिटारवादन आणि भारदस्त अल्बम आवडायचे. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचा पहिला अल्बम पीलच्या हाती लागला. दोन-दोन मिनिटांची, तीन सुरांची, भरधाव गाणी. पीलने एकाच रात्री त्यातली बरीचशी लावून टाकली.

श्रोते संतापले. हा कचरा पुन्हा लावू नका, अशा मजकुराची पत्रं येऊन पडली. पीलने त्यातून एवढाच अर्थ काढला की हे आणखी लावायला हवं. पुढच्या काही महिन्यांत जुने श्रोते गळाले आणि त्यांच्याहून कितीतरी लहान वयाची पोरं रेडिओला कान लावून बसू लागली.

हा बदल मोजायला एक पट्टीही आहे. पील दर वर्षअखेरीस श्रोत्यांची मतं मागवून 'फेस्टिव्ह फिफ्टी' ही पन्नास गाण्यांची यादी लावायचा. १९७६ च्या पहिल्या यादीत अव्वल होतं लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन'. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, अव्वल आलं सेक्स पिस्टल्सचं 'अनार्की इन द यूके'. कार्यक्रम तोच, निवेदक तोच, पण ऐकणारी पिढीच बदलली होती.

यानंतर पंकपाठोपाठ जे जे आलं त्याला पीलने दार उघडं ठेवलं. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनची दोन सेशन्स १९७९ मध्ये झाली, आणि मे १९८० मध्ये त्यांचा गायक इयन कर्टिस याने वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या केल्याची बातमी चाहत्यांना पीलकडूनच कळली. १९८३ मध्ये द स्मिथ्स आले. त्यांच्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या गाजलेल्या अल्बममधली बरीच गाणी रेडिओसाठीच मुद्रित झालेली आहेत. नेपाम डेथ या बँडची काही सेकंदांत संपणारी कर्कश गाणी, जमैकाचं रेगे, झिम्बाब्वेचे भुंडू बॉइज, न्यूयॉर्कचं हिप हॉप, हे सगळं एकाच कार्यक्रमात एकापाठोपाठ एक वाजायचं. कृष्णवर्णीयांचं संगीत कशाला, असं विचारणारी द्वेषाची पत्रंही त्याला आली. त्याने ते संगीत लावणं सुरूच ठेवलं.

या सगळ्यांत त्याचा सर्वात लाडका बँड म्हणजे द फॉल. मार्क ई. स्मिथ या तिरसट माणसाचा हा बँड कधी फार मोठा झाला नाही. पण १९७८ ते २००४ या काळात त्यांची तब्बल २४ सेशन्स झाली. इतकी दुसऱ्या कोणाचीच नाहीत.

घर, फुटबॉल आणि कॅसेटचे ढीग

पीलचं निवेदन इतरांसारखं आरडाओरडा करणारं नव्हतं. शांत, थोडा रडवेला, स्वतःचीच थट्टा करणारा आवाज. तबकडी चुकीच्या वेगाने लावून बसणं हे तर नेहमीचंच. ४५ ची ३३ वर लागली की तो माफी मागून परत लावायचा. श्रोत्यांना त्यात आपल्याच घरातला माणूस दिसायचा.

१९७४ मध्ये त्याने शीला गिलहूलीशी लग्न केलं आणि दोघं सफोक परगण्यातल्या ग्रेट फिनबरो या खेड्यात राहिली. फुटबॉलच्या लिव्हरपूल क्लबवर त्याची भक्ती इतकी की चारही मुलांच्या नावांत क्लबशी संबंधित नावं घातलेली. दोघांना अँनफिल्ड, एकाला डॅलग्लिश, एकीला शँकली. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर ३९ माणसं चिरडून मेली, तेव्हा तो तिथे होता. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या दुर्घटनेत लिव्हरपूलचे चाहते दगावले. त्यानंतरच्या कार्यक्रमाची सुरुवात त्याने अरेथा फ्रँकलिनच्या आवाजातल्या क्लबच्या गीताने केली आणि माईकसमोर त्याला रडू आवरलं नाही.

घरात हजारो तबकड्या होत्या. एलपीच सुमारे २६,००० आणि त्याहून अधिक सिंगल्स. एलपींची नोंद टाइप केलेल्या कार्डांवर. शिवाय अनोळखी पोरांनी पाठवलेल्या कॅसेटचे ढीग. ते ऐकून संपणं शक्यच नव्हतं आणि त्याची टोचणी त्याला कायम असायची. न ऐकलेल्या कॅसेटमध्ये पुढचा मोठा बँड असेल तर?

१९९८ मध्ये त्याला ओबीई हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी रेडिओ ४ वर 'होम ट्रुथ्स' हा सामान्य माणसांच्या घरगुती गोष्टींचा कार्यक्रम सुरू झाला आणि रॉकशी घेणंदेणं नसलेल्या घरांतही त्याचा आवाज पोचला. २००१ मध्ये मधुमेहाचं निदान झालं. त्याच वर्षी तो अमेरिकेतल्या व्हाइट स्ट्राइप्स या जोडीच्या प्रेमात पडला होता. वय ६२, आणि उत्साह सोळाचा.

कुस्कोमधला शेवट, आणि नंतरचे प्रश्न

ऑक्टोबर २००४ मध्ये पील आणि शीला पेरूला गेली होती. २५ तारखेला कुस्को शहरात हृदयविकाराच्या झटक्याने त्याचं निधन झालं. वय ६५. १२ नोव्हेंबरला बरी सेंट एडमंड्सच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधीला हजाराहून जास्त माणसं जमली. शवपेटी बाहेर नेताना 'टीनेज किक्स' वाजवलं गेलं. त्याच्या थडग्यावर लिव्हरपूल क्लबच्या चिन्हाबरोबर त्याच गाण्याची एक ओळ कोरलेली आहे. अपुरं राहिलेलं आत्मचरित्र शीलाने पूर्ण केलं.

ग्लॅस्टनबरी महोत्सवातल्या एका मंचाला २००५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. २०१२ मध्ये बीबीसीने मुख्यालयाच्या एका भागाला त्याचं नाव दिलं. पण गोष्ट इथे संपत नाही.

अमेरिकेत असताना १९६५ मध्ये २६ वर्षांच्या पीलने शर्ली अ‍ॅन मिलबर्न हिच्याशी पहिलं लग्न केलं होतं, तेव्हा ती १५ वर्षांची होती. १९७३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्या दिवसांत भोवती असणाऱ्या अल्पवयीन मुलींविषयी पील पुढे मुलाखतींत स्वतःच बोलला, आणि फारसा पश्चात्ताप न दाखवता बोलला. २०१२ मध्ये एका महिलेने, आपण १५ वर्षांच्या असताना १९६९ मध्ये त्याने आपल्याशी संबंध ठेवले होते, असं सांगितलं. रॉकच्या त्या सुवर्णकाळात अशा गोष्टींकडे सर्रास डोळेझाक व्हायची. आज ती होत नाही आणि होऊही नये. २०२३ पासून ग्लॅस्टनबरीचा तो मंच 'वुडझीज' या नावाने ओळखला जातो.

म्हणजे पीलचा वारसा सरळसोट नाही. एकीकडे स्वतः लहानपणी अत्याचार सोसलेला आणि पुढे अल्पवयीन मुलींच्या बाबतीत बेफिकीर वागलेला माणूस. दुसरीकडे कोणीही उभं करत नसलेल्या हजारो पोरांसाठी देशाच्या रेडिओचं दार उघडणारा माणूस. एकाने दुसरा पुसला जात नाही.

त्याच्या कामातून उरतं ते मात्र स्पष्ट आहे. बहुतेकांची गाण्यांची आवड विशीत गोठते आणि मग आमच्या वेळचं संगीत किती छान होतं, हे पालुपद सुरू होतं. पीलने ते होऊ दिलं नाही. कालचं आवडतं गाणं बाजूला ठेवून आज टपालाने आलेली अनोळखी कॅसेट यंत्रात घालायची, हे काम त्याने ३७ वर्षं केलं. आज नवी गाणी सुचवायला मोबाइलमधलं अ‍ॅप आहे. आधी काय आवडलं ते पाहून ते त्याच जातीचं आणखी काही पुढे करतं. पील मात्र श्रोत्यांना अजून न आवडलेलं काहीतरी लावायचा, आणि त्यांनी शिव्या घातल्या तर दुसऱ्या रात्री तेच पुन्हा लावायचा.